बटण आधी कोणी दाबले?



प्रश्नमंजुषेचे यंत्र तुम्ही विज्ञान प्रदर्शनात नक्कीच पाहिले असेल. चार संघांसमोर चार मोठी गोल बटणे असतात आणि प्रत्येक बटणाच्या पोटात एक दिवा असतो. सूत्रसंचालकापुढे एक फलक असतो. त्यावर विषय निवडण्यासाठी जॉयस्टिक, शेजारी आणखी दिव्याची बटणे. हे सगळे तारांनी एका डब्यात जाते आणि डब्यातून एकच तार संगणकाला जोडलेली असते. त्या डब्यात काय असते, हे कोणी विचारत नाही. मीही विचारले नव्हते, आणि त्याचा मला आजही पस्तावा होतो. या लेखाचे निमित्त तेच आहे.

काही वर्षांपूर्वी एका तालुक्याच्या गावी अशा स्पर्धेला मी परीक्षक म्हणून गेलो होतो. यंत्र एका शाळेतील मुलांनीच बनवले होते. फलक लाकडी, रंगकाम सुरेख, बटणे लखलखीत. अंतिम फेरी रंगात आली. प्रश्न संपताच पहिल्या आणि चौथ्या बाकावरचे दिवे जवळजवळ एकदमच लागले. पडद्यावर उमटले, “संघ क्रमांक १”. पुढे असेच आणखी दोनदा झाले. तिसऱ्या वेळी चौथ्या बाकावरची एक मुलगी उभी राहून म्हणाली, “सर, आम्ही आधी दाबलं होतं.” मी अगदी ठामपणे म्हणालो, “बाळ, यंत्र कोणाची बाजू घेत नाही.” ती गप्प खाली बसली. पहिला संघ थोड्याच गुणांनी जिंकला.

बक्षीस समारंभ आटोपल्यावर सहज म्हणून मी त्या मुलांना डबा उघडायला सांगितले. आत तळहाताएवढा एक तयार बोर्ड होता. आम्ही पहिल्या आणि चौथ्या संघाच्या तारा एकाच बटणाला जोडल्या आणि ते बटण वीस वेळा दाबले. वीसही वेळा उत्तर आले, “संघ क्रमांक १”. नाणे वीस वेळा उडवून वीसही वेळा छापच पडला तर आपण काय समजू? यंत्र बाजू घेत होते. तोवर चौथ्या बाकावरच्या मुलींची एस. टी. निघून गेली होती. नंतर मी त्यांच्या मुख्याध्यापकांना पत्र लिहिले, पण निकाल काही बदलला नाही.

दोष त्या मुलांचा नव्हता. “हा बोर्ड काय मोजू शकतो आणि काय नाही?” हा प्रश्न त्यांना कोणी विचारायला शिकवलेच नव्हते. माझे म्हणणे थोडक्यात असे आहे : जॉयस्टिक आणि बटणांच्या फलकासाठी बोर्ड निवडणे ही बाजारहाटाची गोष्ट नाही. बोर्ड हे मोजमापाचे उपकरण आहे. व्हर्निअर कॅलिपरला जसे लघुत्तम माप असते, तसे त्यालाही असते. ते माहीत नसेल, तर त्या बोर्डाच्या जोरावर कोणालाही जिंकले किंवा हरले म्हणण्याचा आपल्याला अधिकार नाही.

दुभाषा काय करतो?

बटणाच्या खाली एक छोटा खटका असतो. बटण दाबले की दोन पत्रे एकमेकांना टेकतात आणि मंडल पूर्ण होते. साध्या जॉयस्टिकमध्ये असे चार खटके असतात, वर, खाली, डावा आणि उजवा. दांडा तिरपा ढकलला तर दोन खटके एकदम मिटतात, म्हणून चार खटक्यांतून आठ दिशा मिळतात. संगणकाला मात्र खटका कळत नाही. त्याला यूएसबीच्या तारेतून ठराविक नमुन्याचे संदेश हवे असतात. खटक्याची भाषा संगणकाच्या भाषेत सांगणारा दुभाषा म्हणजे हा मधला बोर्ड.

अशा बोर्डांची पैदास खेळांच्या यंत्रांतून झाली. अटारी कंपनीचे ‘पाँग’ हे यंत्र १९७२ मध्ये आले. ‘पॅकमॅन’ १९८० मध्ये आला तो एका जॉयस्टिकवर चालणारा. त्या यंत्रांत दुभाष्याची गरजच नव्हती, कारण खटक्यांच्या तारा थेट खेळाच्या मंडलाला जोडलेल्या असत. १९८५ मध्ये जपानमधील उत्पादकांनी ५६ जोडांचे एक प्रमाण ठरवले, त्याला ‘जाम्मा’ म्हणतात. त्यामुळे एका खेळाचे मंडल काढून तिथे दुसऱ्याचे बसवणे सोपे झाले. पुढे १९९७ मध्ये ‘मेम’ नावाची प्रणाली आली आणि ते जुने खेळ घरच्या संगणकावर चालू लागले. मग हौशी मंडळींना फलकही जुन्यासारखाच हवासा वाटू लागला. त्यांनी जुने कळफलक फोडले, आतल्या मंडलाला तारा सोल्डर केल्या आणि त्यांची टोके बटणांना जोडली.

त्या उद्योगात एक गंमत झाली. कळफलकातील कळा उभ्या-आडव्या तारांच्या जाळीवर बसवलेल्या असतात. शंभर कळांना शंभर तारा नकोत म्हणून ही युक्ती. परंतु जाळीतील एखाद्या चौकोनाचे तीन कोपरे एकदम दाबले, तर विद्युतप्रवाह आडवाटेने फिरतो आणि न दाबलेला चौथा कोपराही दाबल्यासारखा दिसतो. टंकलेखन करताना असे तीन कोपरे क्वचितच दाबले जातात, पण दोघेजण खेळत असताना ते वरचेवर घडते. उपाय दोन. प्रत्येक खटक्याबरोबर एक डायोड लावायचा, नाहीतर प्रत्येक खटक्याला बोर्डावर स्वतंत्र जागा द्यायची. खेळांच्या फलकांसाठी मुद्दाम बनवलेल्या बोर्डांत सहसा दुसरा मार्ग असतो. म्हणून बोर्ड घेताना पहिला प्रश्न विचारायचा तो हा : प्रत्येक खटक्याला स्वतंत्र जागा आहे की जाळी आहे?

लघुत्तम माप कोठून येते?

आता आमच्या चौथ्या बाकाकडे वळू.

यूएसबीच्या पद्धतीत बोर्ड आपणहून बोलत नाही. संगणक ठराविक काळाने विचारतो, “काही नवीन?” आणि बोर्ड उत्तर देतो. यूएसबीच्या संथ जातीच्या उपकरणाला साधारण ८ ते १० मिलिसेकंदांनी एकदा विचारणा होते. त्याहून जलद जातीच्या उपकरणाला दर मिलिसेकंदालाही विचारता येते. बाजारात काही बोर्डांच्या नावातच ‘शून्य विलंब’ असे असते. मित्रांनो, शून्य विलंबाचे उपकरण विश्वात कोठेही नाही. ते नाव आहे, माप नव्हे.

त्यावर मुलांचा कार्यक्रम पडद्याच्या गतीने चालत होता. सेकंदाला ६० वेळा, म्हणजे दर १६.७ मिलिसेकंदांनी एकदा तो बटणांची स्थिती पाहायचा. पाहण्याची रीतही सरळसोट : पहिल्या संघाचे बटण दाबले आहे का? असेल तर तो जिंकला. नसेल तर दुसऱ्याचे पाहा, मग तिसऱ्याचे, मग चौथ्याचे. वर्गात हजेरी क्रमांकाने घ्यावी, तसे.

समजा, चौथ्या संघाने बटण दाबले आणि त्यानंतर ५ मिलिसेकंदांनी पहिल्या संघाने दाबले. त्या ५ मिलिसेकंदांच्या फटीत जर संगणकाने पाहिले, तर चौथा संघ जिंकेल. नाही पाहिले, तर पुढच्या वेळी दोन्ही बटणे दाबलेली दिसतील आणि पहिला संघ जिंकेल. संगणक त्या फटीत पाहील याची संभाव्यता ५ भागिले १६.७, म्हणजे साधारण ३० टक्के. उरलेल्या ७० टक्के वेळा, आधी बटण दाबूनही, चौथा संघ हरेल. हे गणित दहावीचा विद्यार्थीही करू शकतो. परीक्षक म्हणून बसलेल्या पदव्युत्तर पदवीधराने ते केले नाही, एवढेच.

“पण सर, ५ मिलिसेकंदांचा फरक कधी पडतो का?” असे तुम्ही विचाराल. दिवा दिसल्यापासून बोट हलेपर्यंत माणसाला साधारण २०० मिलिसेकंद लागतात. प्रश्नाचा शेवटचा शब्द ऐकून दोन तयारीची मुले बटणावर झेपावतात, तेव्हा काही मिलिसेकंदांचा फरक ही मुळीच दुर्मिळ गोष्ट नाही. अटीतटीच्या सामन्यात तर नाहीच, आणि निकाल लागतो तो अटीतटीच्याच क्षणी.

खटका उडी मारतो

दुसरी भानगड खटक्याच्या पत्र्यांची. ते एकदा टेकले की टेकलेलेच राहतात असे नाही. टाळी वाजवल्यावर हात किंचित उसळतो, तसे ते काही मिलिसेकंद उड्या मारतात. बोर्डाला वाटते, बटण पाच-सहा वेळा दाबले. म्हणून प्रत्येक बोर्डात या उड्या गाळण्याची काही योजना असावी लागते.

ती दोन प्रकारे करता येते. उड्या पूर्ण थांबेपर्यंत वाट पाहून मग संदेश द्यायचा, ही एक रीत. पहिला स्पर्श होताच संदेश द्यायचा आणि पुढचे ५ ते १० मिलिसेकंद त्या खटक्याकडे दुर्लक्ष करायचे, ही दुसरी. पहिल्या रीतीत विलंब येतो, आणि एक खटका जुना, दुसरा नवा असेल तर तो विलंब दोघांना सारखाही नसतो. दुसऱ्या रीतीत विलंब नाही. “आधी कोण?” हे ठरवायचे असेल तर मी दुसरीच रीत घेईन. बंद बोर्डात यांपैकी कोणती रीत आहे, हे विकणाऱ्यालाही बहुधा सांगता येत नाही.

दिव्याने खरे बोलावे

आता दिव्यांकडे वळू. त्या यंत्रात दिवे थेट खटक्यांना जोडलेले होते. बटण दाबले की दिवा लागे. संगणकाने तुमचे बटण मानले की नाही, याचा त्या दिव्याशी काही संबंधच नव्हता. म्हणून प्रेक्षकांना दोन दिवे दिसले आणि पडद्यावर एकच नाव दिसले. दिवा सांगत होता, “मला दाबले आहे.” आम्ही समजत होतो, “माझी पाळी आली आहे.”

ही चूक किती महागात पडू शकते, याचे उदाहरण अमेरिकेत घडले आहे. २८ मार्च १९७९ रोजी पहाटे चारच्या सुमारास पेनसिल्व्हेनिया राज्यातील थ्री माइल आयलंड येथील अणुवीजकेंद्राच्या दुसऱ्या अणुभट्टीत बिघाड झाला. दाब वाढला म्हणून एक झडप आपोआप उघडली. दाब कमी होताच ती मिटायला हवी होती, पण ती उघडीच अडकून राहिली. नियंत्रण-फलकावर त्या झडपेसाठी एक दिवा होता. तो झडपेची स्थिती दाखवत नव्हता. झडप चालवणाऱ्या विद्युतचुंबकात वीज आहे की नाही, एवढेच तो दाखवत होता. वीज बंद झाली, दिवा विझला, आणि माणसांनी समजूत करून घेतली की झडप मिटली. दोन तासांहून अधिक वेळ त्या झडपेतून भट्टीचे पाणी निसटत राहिले आणि गाभ्याचा सुमारे निम्मा भाग वितळला. या अपघाताची कारणे अनेक होती, पण हुकूम दाखवणारा आणि वस्तुस्थिती न दाखवणारा तो दिवा त्यांतले एक होते.

आमच्या प्रश्नमंजुषेत काही वितळले नाही. एका मुलीचा विश्वास तेवढा गेला. तरीही चूक जातीने तीच होती. म्हणून माझा दुसरा आग्रह : दिव्यांची तार खटक्याला जोडू नका. दिवा बोर्डाने लावावा, आणि निर्णय झाल्यावरच लावावा. जो संघ मानला गेला त्याचाच दिवा लागेल, बाकीचे विझलेले राहतील. यासाठी बोर्डाला खटके वाचण्याच्या जागांबरोबर दिवे चालवण्याच्या जागाही हव्यात. पुष्कळ स्वस्त बोर्डांत त्या नसतात, हे घेण्यापूर्वीच पाहा.

मिलिॲम्पिअरचा हिशेब

दिवे आले की विद्युतप्रवाहाचा जमाखर्च आला. एका साध्या एलईडीला १५ ते २० मिलिॲम्पिअर पुरतात. तीन रंगांच्या एलईडीत तीन दिवे एकत्र असतात, म्हणजे सगळे पेटवले तर ६० मिलिॲम्पिअर. अशी १६ बटणे असतील तर ९६० मिलिॲम्पिअर झाले. यूएसबीच्या दुसऱ्या आवृत्तीची खोबण देते कमाल ५०० मिलिॲम्पिअर. जमेपेक्षा खर्च जवळजवळ दुप्पट! मग दिवे मंद होतात, कधी संगणक ती खोबणच बंद करतो, आणि मुले म्हणतात, “काल तर चालत होतं.”

बोर्डाची प्रत्येक पिनही थोडाच भार उचलते. ‘आर्डुइनो लिओनार्डो’ या बोर्डावरील सूक्ष्मनियंत्रकाच्या एका पिनची परमावधी ४० मिलिॲम्पिअर आहे, आणि साऱ्या पिना मिळून २००. परमावधी म्हणजे रोजचा खुराक नव्हे. २० च्या आत राहावे. ‘रास्पबेरी पाय पिको’चे मंडल ३.३ व्होल्टचे आहे, आणि त्याच्या साऱ्या पिनांनी मिळून ५० मिलिॲम्पिअरच्या आत राहायचे असते. निळा किंवा पांढरा एलईडी स्वतःच सुमारे ३ व्होल्ट खातो. मग पिकोच्या पिनेवर तो थेट लावला तर नीट कसा उजळणार?

यावर जुना आणि भरवशाचा उपाय आहे : ‘यूएलएन २८०३’ हे एकात्म मंडल. यात आठ ट्रान्झिस्टर-जोड्या असतात. बोर्डाच्या पिनेने केवळ इशारा द्यायचा, ओझे या जोड्यांनी उचलायचे. एकट्या वाटेची मर्यादा ५०० मिलिॲम्पिअर आणि ५० व्होल्ट आहे. त्यामुळे १२ व्होल्टच्या दिव्याची बटणे मिळाली तरी चिंता नाही. मात्र एक रोध घालायला विसरू नका. ५ व्होल्टची वीज, लाल एलईडीवर पडणारे सुमारे २ व्होल्ट, या मंडलात जाणारा सुमारे १ व्होल्ट, उरले २ व्होल्ट. १५ मिलिॲम्पिअर हवे असतील तर ओहमच्या नियमाने २ भागिले ०.०१५, म्हणजे सुमारे १३३ ओहम. बाजारात १५० ओहमचा रोध मिळतो, तो घ्यावा. ओहमचा नियम परीक्षेपुरताच असतो असे वाटणाऱ्यांनी हा हिशेब एकदा स्वतः करून पाहावा.

मग कोणता बोर्ड घ्यावा?

ढोबळ मानाने बोर्डांच्या तीन जाती आहेत. पहिला स्वतःला कळफलक म्हणवतो. दुसरा स्वतःला खेळाचा हातचा नियंत्रक म्हणवतो. तिसरा कोरा असतो. त्याने काय म्हणायचे ते तुम्ही ठरवता.

घरी दोघा भावंडांना जुने खेळ खेळायचे असतील, तर पहिल्या दोन जाती उत्तम. आय-पॅकसारखे बोर्ड याच कामासाठी बनलेले आहेत. कळफलक-जातीत एक गोष्ट तपासा. कळफलकाच्या सर्वांत साध्या नमुन्यात एका संदेशात शिफ्ट, कंट्रोलसारख्या कळा सोडून एका वेळी सहाच कळा मावतात. दोन खेळाडूंनी जॉयस्टिक तिरपी धरून प्रत्येकी दोन बटणे दाबली की आठ कळा झाल्या. चांगले बोर्ड यातून वाट काढतात, सगळेच काढत नाहीत.

परंतु शाळेसाठी, आणि विशेषतः जिथे निर्णय द्यायचा आहे तिथे, माझे मत स्पष्टपणे तिसऱ्या जातीच्या बाजूने आहे. कारण तिथे वेळ मोजण्याचे काम बोर्डालाच सांगता येते. संगणकाने विचारण्याची वाट न पाहता बोर्ड चारही खटके पुन्हा पुन्हा पाहत राहतो. एक फेरी १०० मायक्रोसेकंदांच्या आत सहज होते. ज्याचा स्पर्श आधी झाला त्याची नोंद करायची, त्याचा दिवा लावायचा, बाकीच्यांना कुलूप घालायचे आणि मग संगणकाला निवांत कळवायचे, “क्रमांक ४”. संदेश १० मिलिसेकंद उशिरा पोचला तरी आता बिघडत नाही, कारण निवाडा आधीच झालेला आहे.

खरेदीपूर्वी मोजणी करा. आमच्या फलकाचे उदाहरण घ्या. संघांची बटणे ४, जॉयस्टिकचे खटके ४, सूत्रसंचालकाची बटणे ४, मिळून वाचायच्या जागा १२. दिवे संघांचे ४ आणि सूत्रसंचालकाचे ४, मिळून ८. एकूण २०. २०१२ मध्ये आलेल्या लिओनार्डोवर अशा जागा बरोबर २० आहेत. भांडे काठोकाठ भरले, उद्या एक बटण वाढवायचे झाले तर जागा नाही. २०२१ च्या जानेवारीत चार डॉलरला बाजारात आलेल्या पिकोवर २६ आहेत, म्हणजे सहा उरतात. आठ दिव्यांना एक यूएलएन २८०३ नेमका पुरतो. पुष्कळ शाळांत असलेला जुना ‘आर्डुइनो उनो’ मात्र या कामाला अडचणीचा, कारण त्याचा मुख्य सूक्ष्मनियंत्रक यूएसबीवर स्वतः कळफलक होऊ शकत नाही. “आर्डुइनो आहे ना, मग झाले” असे म्हणून भागत नाही. कोणता आर्डुइनो, हे विचारावे लागते.

बरोबरी म्हणजे बरोबरी

इतके करूनही एक गोष्ट उरते. बोर्ड १०० मायक्रोसेकंद मोजू शकतो, म्हणून आपण तितक्या बारीक फरकावर निकाल द्यावा का?

१९७२ च्या म्युनिक ऑलिंपिकमध्ये ४०० मीटर वैयक्तिक मिश्र जलतरणात स्वीडनच्या गुन्नार लार्सनने अमेरिकेच्या टिम मकीला २ मिलिसेकंदांनी हरवले. घड्याळ हजारांश सेकंद दाखवत होते. पण २ मिलिसेकंदांत जलतरणपटू जातो साधारण ३ मिलिमीटर. तलावाच्या दोन मार्गिकांची लांबी ३ मिलिमीटरच्या आत सारखी होती, असे कोण म्हणू शकेल? त्यानंतर नियम बदलला आणि शंभरांश सेकंदापर्यंतच निकाल लावू लागले. २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये १०० मीटर फुलपाखरू शर्यतीत तिघांची वेळ ५१.१४ सेकंद आली. तिघांनाही रौप्यपदक दिले. कोणी म्हटले नाही की घड्याळ कच्चे आहे. उलट, घड्याळ प्रामाणिक आहे असेच ते होते.

आपल्या बटणांचेही तसेच. एका बटणाची स्प्रिंग थोडी कडक असेल, एका खटक्याचा पत्रा मिलिमीटरभर खाली असेल. सेकंदाला अर्धा मीटर वेगाने येणाऱ्या बोटाला तो मिलिमीटर ओलांडायला २ मिलिसेकंद लागतात. म्हणजे लाकूडकाम आणि स्प्रिंगा यांतच काही मिलिसेकंदांचा घोळ आहे. म्हणून मी कार्यक्रमात असे लिहायला सांगेन : दोन स्पर्शांत ५ मिलिसेकंदांपेक्षा कमी अंतर असेल तर दोन्ही दिवे लुकलुकावेत आणि पडद्यावर ‘बरोबरी’ असे यावे. मग दुसरा प्रश्न विचारावा. ज्याला कळत नाही तिथे “मला कळत नाही” असे सांगणारे यंत्र मला अचूकतेचा आव आणणाऱ्या यंत्रापेक्षा मोठे वाटते. माणसांबद्दलही माझे हेच मत आहे.

शिक्षकांना दोन शब्द

माझे काही शिक्षक मित्र म्हणतात, “आम्हाला वेळ कुठे आहे? तयार बोर्ड लावला की मुले खूश.” त्यांची अडचण खरी आहे. तयार बोर्ड लावण्यात काही पाप नाही. पण मग त्याची परीक्षा तरी घ्या. मी सांगितलेली एका बटणाची परीक्षा पाच मिनिटांत होते : दोन संघांच्या तारा एका खटक्याला जोडा, वीस वेळा दाबा, निकाल फळ्यावर लिहा. सगळे निकाल एकाच बाजूला आले तर दोष कुठे आहे, ते मुलांनाच शोधू द्या. त्या पाच मिनिटांत लघुत्तम माप, संभाव्यता आणि प्रयोगातील प्रामाणिकपणा असे तीन धडे होतात.

कोणी म्हणतात, “एवढ्याशा खेळासाठी इतका काथ्याकूट?” खेळच तर आहे, हे खरे. पण आज या खेळातली मुले उद्या रुग्णालयातील उपकरणांचे, रेल्वेच्या सिग्नलांचे, मतमोजणीच्या यंत्रांचे फलक बनवतील. दिव्याने खरे बोलावे ही सवय तिथे पोचल्यावर लावता येत नाही. ती लागायला हवी इथे, शाळेच्या प्रयोगशाळेत.

आणि परीक्षकांनो, म्हणजे माझ्यासकट आपण सर्वांनी, प्रदर्शनात रंगकाम पाहून गुण देण्यापूर्वी एकदा डबा उघडायला सांगावे. २०१६ नंतर अटल टिंकरिंग प्रयोगशाळांमुळे पुष्कळ शाळांत कोरे बोर्ड पोचले आहेत. मुलांच्या हाती साधन आहे. प्रश्न आपण विचारायचे आहेत.

मित्रांनो, पुढच्या प्रदर्शनात तुम्ही असे यंत्र मांडाल, तेव्हा त्यावर शाळेच्या नावाखाली आणखी एक ओळ लिहा : “या यंत्राचे लघुत्तम माप ५ मिलिसेकंद. त्याच्या आत बरोबरी.” आणि एखादी मुलगी उभी राहून म्हणाली, “सर, आम्ही आधी दाबलं होतं,” तर तिला खाली बसवू नका. तिला म्हणा, “ये, आपण मोजून पाहू.”